दोन दिवसांचा खुलासा

मोरेश्वर गायधनी यांचा असा सिद्धांत होता की जगातील निम्मी दुःखे मोजमापाच्या आळसातून उत्पन्न होतात आणि उरलेली निम्मी, मोजमाप न करता दिलेल्या सल्ल्यांतून. सन १९३३ च्या ऑगस्टअखेरीस नाशकात त्यांच्यावर जे ओढवले, त्यात पहिल्या वर्गातले दुःख एकच होते आणि ते त्यांनी स्वतःच्या हातांनी तयार केले होते. दुसऱ्या वर्गाची मोजदाद त्यांनी सतराव्या सल्ल्यानंतर सोडून दिली.

गायधनी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते, आणि त्या काळी रसायनशास्त्राच्या पदवीधराला सरकारात जी जागा मिळे तीच त्यांनाही मिळाली होती. ती म्हणजे कारकुनाची. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. खालच्या कोर्टाने एखादा आरोपी निर्दोष सोडला आणि सरकारला ते रुचले नाही, तर मुंबईच्या हायकोर्टात अपील करण्याचे कागद तिथून वर जात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अशा अपिलाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत असे. सहा महिने उलटले की आरोपी सुटला तो सुटला. मग सरकार केवढेही मोठे असो. गायधनींची नेमणूक अद्याप कायम झालेली नव्हती. ती १ सप्टेंबरला व्हायची होती, आणि त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, तसे माहेरी कळवूनही टाकले होते. त्यामुळे ती तारीख आता सरकारच्या हातात राहिली नव्हती.

या कचेरीत मुदतींचे रजिस्टर पस्तीस वर्षे चिंतोपंत क्षेमकल्याणी सांभाळत आले होते, आणि त्यांची पद्धत पाहून गायधनींच्या अंगावर शहारे येत. चिंतोपंत मुदत पंचांगावरून धरत. निकाल माघ वद्य पंचमीचा असेल, तर पुढच्या सहाव्या महिन्यातली वद्य पंचमी ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहीत आणि चिठोरे दप्तराच्या गाठीत खोचून ठेवत. ती तिथी उजाडली की पंत उपास धरीत. ‘अपील दाखल झाले काय?’ अशी तार मुंबईला करून ते पाटावर नव्हे, खुर्चीवर बसून राहत, आणि होकाराची तार येईपर्यंत पाण्याखेरीज काही घेत नसत. उपाशी माणूस कचेरीत सर्वांना किती छळू शकतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच समजेल. दर तासाला एक तार जाई. तिसऱ्या तारेनंतर मुंबईचे लोक कंटाळून अपील दाखल करीत. पस्तीस वर्षांत एकही मुदत बुडाली नव्हती.

“याला कार्यकारणभाव म्हणत नाहीत,” गायधनी म्हणाले, “याला योगायोग म्हणतात.”

“पस्तीस वर्षांचा?” पंतांनी विचारले.

“योगायोगाला वयाची अट नसते.”

जानेवारीत गायधनींनी कचेरीच्या प्रमुखांना, म्हणजे रावसाहेबांना, चार पानांचे टिपण सादर केले. विसाव्या शतकात सरकारी मुदत चंद्राच्या कलांवर टांगून ठेवणे हास्यास्पद आहे. महिन्यांची लांबी असमान असते, सबब एक शास्त्रीय सरासरी महिना निश्चित करून त्यावरून दिवस मोजावेत, असा त्याचा मथितार्थ होता. रावसाहेबांना शास्त्राबद्दल आदर होता. तो बहुतांशी न समजल्यामुळे होता. त्यांनी ‘प्रयोगादाखल’ असा शेरा मारून रजिस्टर गायधनींच्या हवाली केले. पंतांनी चिठोऱ्यांची पिशवी मुकाट्याने पेटीत ठेवली आणि म्हणाले, “बरं झालं. पित्ताचा त्रास होताच.”

प्रयोगाला पहिले प्रकरण मिळाले ते मखमलाबादच्या भिमाजी माळ्याचे. भिमाजीचा भाजीपाल्याचा मळा होता. पाण्याच्या पाळीवरून त्याचे आणि पाटाचे पाणी सोडणाऱ्या सरकारी पाटकऱ्याचे वाजले, आणि त्या वादाच्या शेवटी पाटकरी नखशिखांत भिजलेला पाटात सापडला. ढकलला की घसरला, हा प्रश्न होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी १५ फेब्रुवारीला, घसरल्याचा संभव नाकारता येत नाही, असे म्हणून भिमाजीला सोडून दिले. परंतु पाटकरी सरकारी, पाट सरकारी आणि अंगावरचा डगलाही सरकारी. तेव्हा भिजले ते सरकारच, असे वरच्यांचे मत पडले. अपील करायचे ठरले.

गायधनींनी वर्षाचे ३६५.२४२२ दिवस धरले, बाराने भागले, सहाने गुणले. उत्तर आले १८२.६२११. अपूर्णांक दिवस सरकारच्या पदरी पूर्ण टाकून त्यांनी १८३ दिवस मोजले आणि फायलीवर तांबड्या शाईने लिहिले: ‘मुदत अखेर, १७ ऑगस्ट.’ त्याखाली संपूर्ण गणित चौथ्या दशांशापर्यंत जोडले. ते इतके देखणे होते की वरच्या कुठल्याही टेबलावर ते तपासून पाहण्याचे पाप कोणी केले नाही.

१० ऑगस्टला चिंतोपंत त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “आज श्रावण वद्य पंचमी,” ते म्हणाले. “मुंबईला काही पाठवायचं नाही ना?”

“अजून सात दिवस आहेत, पंत. आपण जेवून घ्या.”

“जेवलोय,” पंत म्हणाले आणि निघून गेले.

मुंबईकर मंडळी ज्या दिवशी मुदत संपते त्याच दिवशी काम करीत. हा त्यांच्या स्वभावाचा नव्हे, वक्तशीरपणाचा भाग होता. अपील १७ ऑगस्टला दाखल झाले. आणि मंगळवारी, २२ तारखेला, लांबट सरकारी लखोटा आला. सहा महिने म्हणजे कॅलेंडराचे सहा महिने. १५ फेब्रुवारीचे सहा महिने १५ ऑगस्टला संपतात. अपिलास दोन दिवसांचा उशीर झालेला आहे. त्या दोन्ही दिवसांचा, प्रत्येकी वेगळा, समाधानकारक खुलासा सोमवार २८ तारखेपर्यंत पाठवावा. रावसाहेबांनी समासात एकच ओळ लिहिली होती: ‘रा. गायधनी यांनी खुलासा द्यावा. तो पाहून त्यांच्या कायम नेमणुकीचा विचार होईल.’

फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असतो, ही गोष्ट गायधनींना वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक होती. सरासरीत ती विरघळून गेली होती. त्यांनी कचेरीच्या व्हरांड्यात फेऱ्या मारण्यास सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बेचाळीस पावले होती. परतताना ती एकेचाळीस भरत, आणि हा फरक त्यांना त्या दिवशी असह्य झाला.

बातमी त्यांच्याआधी तिवंध्यावरच्या बिऱ्हाडी पोचली होती, कारण कचेरीचा शिपाई नाथा सायकलवरून जात असे. माडीवरच्या अक्काबाई जिन्यातच बसल्या होत्या. कारणाबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. सोमवारी सूर्यग्रहण लागले असता, सगळे नाशिक रामकुंडावर बुडी मारीत होते तेव्हा, गायधनींनी गच्चीवर उभे राहून लोकशिक्षणार्थ कांद्याची भजी खाल्ली होती.

“काल भजी खाल्लीस, आज लखोटा,” अक्काबाई म्हणाल्या. “आणखी काय हवंय तुला पुराव्याला, मोरू?”

“अक्का, चूक फेब्रुवारीतली आहे. ग्रहण ऑगस्टातलं.”

“ग्रहणाला पुढचं-मागचं सगळं दिसतं.”

यमुनाबाईंनी माहेरून आलेले अभिनंदनाचे पत्र फळीवरून काढून डब्यात ठेवले.

गायधनींनी प्रश्नाची शास्त्रीय मांडणी केली. त्यांना दोनच दिवस हवे होते. आणि दिवस मिळण्याची एक कायदेशीर जागा होती: निकालाची नक्कल मिळण्यास कोर्टात जेवढे दिवस जातात, तेवढे मुदतीतून वगळतात. नकला करणारे रहेमान मुन्शी एका नकलेला साधारण अकरा दिवस घेत. अकरा! दोनच नव्हे, नऊ दिवस शिल्लक उरले असते. बुधवारी सकाळी ते जवळजवळ धावतच नक्कल खात्यात गेले.

“मुन्शीजी, भिमाजी माळ्याच्या निकालाची नक्कल किती दिवसांत दिलीत?”

रहेमान मुन्शींनी चष्मा कपाळावर चढवला. “साहेब, तुम्ही विसरला? त्याच दिवशी दिली. तुम्ही इथं या स्टुलावर बसला होता, हातात घड्याळ धरून. मी पान खायला उठलो तर म्हणालात, मुन्शीजी, चार मिनिटं गेली.”

गायधनी खाली बसले. स्टूल तेच होते.

“अर्ज सकाळी अकराला, नक्कल संध्याकाळी पाचला. चाळीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नाही. आणि तुम्ही रावसाहेबांना लिहून माझी तारीफ केली. ते बघा.” मुन्शींनी बोट दाखवले. भिंतीवर, काचेच्या चौकटीत, गायधनींच्याच अक्षरातले पत्र लावलेले होते: ‘एका दिवसात नक्कल देऊन मुन्शी रहेमान यांनी सर्व खात्यांस उदाहरण घालून दिले आहे.’ “घरी गुलजारबी म्हणते, घरी आणा. मी म्हटलं, नाही. कचेरीत राहू दे, लोक बघतात.”

“मुन्शीजी, तारखेत काही…” गायधनींनी वाक्य अर्धवट सोडले. हे वाक्य आपण उच्चारू शकतो याचा शोध त्यांना नुकताच लागला होता.

“साहेब,” मुन्शी हळूच म्हणाले, “तारीख बदलली तर ती चौकट उतरवावी लागेल.”

ते शक्य नव्हते, हे दोघांनाही कळले.

दुसरा मार्ग नैसर्गिक आपत्तीचा. मुंबईने खटल्यातील पाटाचा नकाशा शेवटच्या क्षणी मागवला होता आणि तो १५ तारखेच्या गाडीने गेला होता. ती गाडी इगतपुरीच्या घाटात पावसाने अडकली असेल, तर दोन्ही दिवसांचा खुलासा आकाशानेच दिला असता. ऑगस्टात इगतपुरीला पाऊस आणि रेल्वेला अडथळा होत नसेल, तर मग निसर्गनियमांवर विश्वास तो काय ठेवायचा? गुरुवारी गणेश चतुर्थी असल्याने कचेरी बंद होती. घरोघर आरत्या चालल्या असता गायधनी एकटेच इगतपुरीला निघाले. “गणपती पुढल्या वर्षीही येतो, पण तुम्ही कायम व्हाल की नाही कोण जाणे. जा,” एवढेच यमुनाबाई म्हणाल्या.

इगतपुरीला आभाळ फाटले होते. छत्री स्टेशनच्या पायरीवरच उलटली. रेल्वेच्या बाबूंनी त्यांना कोरडे होण्याची सवड देऊन वही उघडली. “पंधरा, सोळा आणि सतरा,” बाबू कौतुकाने म्हणाले. “सबंध पावसाळ्यात हेच तीन दिवस कोरडे होते बघा. पंधराची गाडी सात मिनिटं आधी निघाली. दाखला हवा का? देतो की.” आणि खरोखरच त्यांनी शिक्क्यानिशी दाखला दिला. परतीची गाडी मात्र पावसामुळे घाटमाथ्यावर तीन तास खोळंबली. ही वेळ आपल्या कामी येण्यास नऊ दिवसांनी उशीर झाला, एवढे गणित गायधनींनी डब्यात बसून केले, आणि शिंकले.

शुक्रवारी ताप आला. तापाबरोबर बेळे वैद्य आले. नाडी धरूनच ते म्हणाले, “मी दाखला देतो. सोळा-सतरा तारखेला तुम्ही अंथरुणाला खिळून होता. दोन दिवसांचा कुठला रोग आवडेल?”

“वैद्यबुवा, मी आजारी आज आहे.”

“मग? नऊ दिवसांचं अंतर आयुर्वेदात काही फार नव्हे. ज्वर आधी दबलेला असतो.”

यमुनाबाईंनी कपाटातून स्थानिक साप्ताहिकाचा अंक काढून वैद्यांपुढे ठेवला. १६ तारखेला वाचनालयात रा. मोरेश्वर गायधनी यांचे ‘येते सूर्यग्रहण व आपल्या भोळ्या समजुती’ या विषयावर दोन तास व्याख्यान झाले, असे वृत्त त्यात होते. ‘वक्त्यांचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता,’ असेही संपादकांनी आवर्जून लिहिले होते.

“खणखणीत,” वैद्य खिन्नपणे म्हणाले. “एवढं लिहायची काय गरज होती यांना?”

इथवर गायधनींची अब्रू केवळ मूर्खपणात अडकली होती. शनिवारी सकाळी ती तिथूनही सुटली.

त्यांच्या दारावर रोज सरुबाई म्हणून एक माळीण भाजी घेऊन येई. गायधनी तिच्याकडून वांगी मोजून घेत, कारण वजनात ओलाव्याची चूक संभवते. ती कोण, कुठली, हे त्यांनी कधी विचारले नव्हते; आकडा पुरेसा असे. त्या दिवशी तिने आल्या आल्या भरलेली पाटीच उंबऱ्यावर ठेवली.

“दादासाहेब, लय उपकार झाले!” तिचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचेल असा होता. “नाथा शिपायानं सांगितलं. तुम्ही मुदत बुडवली म्हनून आमच्या घरधन्याचा तुरुंग चुकला!”

गायधनी पांघरुणासकट बाहेर आले. “कोण घरधनी?”

“भिमाजी! मी त्याची बायको न्हाय का? दोन वरीस तुमच्या दारात बसते मी.”

“बाई, मी मुदत बुडवली नाही. ती बुडाली.”

“आता मोठी मान्सं असंच बोलतात,” सरुबाईने जमलेल्या गल्लीला समजावले. “केल्यालं दाखवीत न्हायीत.”

मागे तिचा नवरा उभा होता; उंच, लाजरा, हातात पागोटे. गायधनींना एकाएकी वाटले की निदान एक वस्तुस्थिती तरी निश्चित व्हावी. “खरं सांग. पाटकऱ्याला ढकलला होतास का?”

भिमाजीने बराच विचार केला. “ढकलला म्हनावं तर ढकलला बी, साहेब. घसरला म्हनावं तर घसरला बी. मी हात लावला न् तो घसरला.”

हा त्या आठवड्यातला एकमेव काटेकोर खुलासा होता.

पाटी परत नेण्यास सरुबाईने साफ नकार दिला. अक्काबाईंनी तेवढ्यात वांगी चांगली कोवळी असल्याचे जाहीर केले. आणि दुपारी नाथा चिठ्ठी घेऊन आला: रावसाहेबांनी ताबडतोब बोलावले आहे.

रावसाहेबांच्या खोलीत चिंतोपंत आधीच बसलेले होते. “गायधनी,” रावसाहेब म्हणाले, “सकाळपर्यंत मी समजत होतो की तुम्ही गणितात चुकला. आता ऐकतो की आरोपीची बायको तुमच्या दारात पाट्या ओतते. हे खरे?”

गायधनी ताप अंगात घेऊनच उभे होते. आयुष्यात प्रथमच त्यांना दोन निष्कर्षांपैकी एक निवडायचा होता आणि दोन्हींत ते स्वतःच उत्तर होते. लबाड ठरावे की मूर्ख? प्रामाणिक माणसाला हा प्रश्न सोपा वाटेल. पण प्रामाणिक माणसाजवळ बी. एस्सी.ची पदवी नसावी.

“मी मूर्खपणा केला,” ते अखेर म्हणाले. “गणित फायलीत आहे.”

“रावसाहेब,” पंत मध्येच बोलले, “ते गणित पाहा. चौथ्या दशांशापर्यंत गेलंय. लाच खाणारा माणूस दशांशात जात नाही. तो ‘विसरलो’ म्हणतो आणि घरी जातो.”

रावसाहेबांनी फाइल उघडली. १८२.६२११ कडे ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर, एखाद्याच्या निरपराधीपणाची खात्री पटल्यावर येते, तशी निराशा पसरली.

सोमवारी गायधनींनी खुलासा पाठवला. त्यात ग्रहण, पाऊस वा ज्वर यांचा उल्लेख नव्हता. ‘सोळा तारखेचा उशीर माझ्या सरासरीमुळे व सतरा तारखेचा माझ्या अपूर्णांकामुळे झाला,’ एवढाच एका वाक्याचा मजकूर होता. हायकोर्टाने पुढे, असे कारण पुरेसे होऊ शकत नाही, असे म्हणून अपील फेटाळले आणि भिमाजी आपल्या मळ्यात राहिला. गायधनी १ सप्टेंबरला कायम झाले. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात रावसाहेबांनी शेरा लिहिला, तो पुढे निवृत्तीपर्यंत त्यांची सोबत करीत राहिला: ‘मनुष्य प्रामाणिक, त्याच्या आकडेमोडीवरून हे सिद्ध होते. दिवस मोजण्याचे काम देऊ नये.’

यमुनाबाईंनी माहेरी पहिला अर्धाच शेरा कळवला.

पुढल्या मार्चात चिंतोपंत निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी चिठोऱ्यांची पिशवी आणि पंचांग गायधनींच्या टेबलावर आणून ठेवले.

“पंत, मला मनाई आहे.”

“दिवस मोजायला. तिथ्या मोजायला नाही.” पंत खुर्ची ओढून बसले. “गायधनी, पंचांगाचे सहा महिने म्हणजे एकशे सत्त्याहत्तर दिवस, एखादा मागे-पुढे. कॅलेंडराचे कधीही एकशे एक्क्याऐंशीच्या खाली येत नाहीत. म्हणजे चार-पाच दिवस नेहमी हातात. हे मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मोजून पाहिलं. यंदा अधिक वैशाख येतोय. तो लग्नाला धरू नका, पण मुदतीला धरा.”

गायधनींनी पंचांग जवळ ओढले. “हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“तुम्ही विचारलं नाहीत. योगायोग म्हणालात.”

“आणि उपास? त्याला तर काही शास्त्रीय कारण नाही ना?”

“आहे की. मला भूक सहन होत नाही.”

त्या वर्षी पहिली मुदत ज्येष्ठातल्या द्वादशीला आली. सकाळी यमुनाबाईंनी पाट मांडला तेव्हा गायधनींनी, पित्त झाले आहे, काही नको, असे सांगून कोट अंगात चढवला. यमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग कोटाच्या खिशातून डोकावणाऱ्या पंचांगाकडे पाहिले, आणि पाट उचलला.

दारात सरुबाई पाटी उतरवत होती. “आज कोवळी वांगी हायेत, दादा. किती मोजू?”

“आज नको. मी जेवणार नाही.”

सरुबाईने मान वर केली. गेल्या वर्षापासून कचेरीतल्या गोष्टी तिला बऱ्याच कळू लागल्या होत्या. “कुनाची मुदत हाय आज?”

गायधनी जोडा घालू लागले. नाव त्यांना पाठ होते: नांदगावकडचा एक विणकर, सत्र न्यायालयातून सुटलेला.

“त्या मानसाच्या घरी बी आज कुनी जेवलं नसंल,” सरुबाई म्हणाली आणि वांग्यांवर पाणी शिंपडू लागली.

होकाराची तार दुपारी चार वाजता आली. अपील पाच दिवस आधी, अगदी मुदतीत दाखल झाले होते. गायधनी घरी आले, पानावर बसले आणि यमुनाबाईंनी वाढलेली भरली वांगी त्यांनी त्या दिवशी प्रथमच मोजली नाहीत. एक मात्र पानात तसेच राहिले.